कोरड्या स्लॅबला आलेले फोड

पंखा कुरकुरला तरी ज्यांना आत्मा आठवतो, अशा लोकांची मला कीव येते. पंख्यात तेल घालायची अक्कल नसते, एवढंच. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

मी शहाद्यात बावीस वर्षं रंगाची कामं घेतो. छताच्या ताज्या रंगाला फोड येतात ते स्लॅबमधल्या ओलीने, न खरवडलेल्या जुन्या चुन्याने, नाहीतर प्रायमर वाळू न देणाऱ्या कामचुकार पेंटरमुळे. बाकी सगळ्या थापा.

मे महिन्यात ब्राह्मणपुरीला वहिनीचं घर रंगवायला घेतलं. पुतणीचं लग्न ठरलं होतं. मोठा भाऊ जानेवारीत गेला. अर्धांगवायूने दोन वर्षं मधल्या खोलीत खाटेवर होता. शेताच्या बांधावरून आमचं बोलणं तुटलेलं. मी बघायला गेलो नाही. असल्या हेकट माणसाचं तोंड कशाला बघायचं, असं चारचौघांत सांगायचो.

रंग मारला आणि दुसऱ्या दिवशी, खाट असायची बरोबर त्यावर, परातीएवढ्या जागेत फोड. बाकी छत गुळगुळीत. माझा पेंटर दामू — त्याला मी सगळ्यांदेखत झापलं. त्याने खरवडलं, तर आत प्लास्टर ठणठणीत कोरडं. गच्चीवर ना टाकी, ना पाइप. पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग... पुन्हा फोड. दामू म्हणाला, बाथरूमच्या छतासारखी खालून वाफ लागत असावी. मी त्याला हसलो. खोली रिकामी होती, खाटसुद्धा ओसरीत काढलेली.

तिसऱ्यांदा मी स्वतः शिडीवर चढलो. भर दुपार. हात मारून होतो न होतो तोच रंग फुगायला लागला — एक फोड, जरा थांबून दुसरा. मी तो बोटाने दाबला, तेव्हा मनगटाला खालून ऊब लागली. गेली. पुन्हा लागली. तोंडाजवळ हात धरल्यावर लागते तशी, ओलसर.

मी खाली उतरलो. वहिनी दारात उभी होती.

"तुम्हना भाऊ दोन वरीस तठेच दखत पडेल व्हतात," ती छताकडे बोट करत म्हणाली. "तुम्ही एकदाबी उनात नही."

आवाज चढला नव्हता. खरंच होतं, मी एकदाही आलो नव्हतो. मी ओसरीतली खाट आत आणली, जागेवर ठेवली आणि शेजारी जमिनीवर बसलो. वहिनीने दार ओढून घेतलं. त्या रिकाम्या खाटेशी मी काय बोललो, ते इथे लिहिणार नाही. ऊन उतरेपर्यंत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दामूने तोच डबा, तोच ब्रश घेऊन हात मारला. फोड आला नाही. पावसाळा गेला, लग्न झालं, अजून आलेला नाही. दामू म्हणतो, शेठ, तुमच्यापेक्षा माझा हात बरा.

असेल. मला दुसरं कारण सापडलेलं नाही... आणि वहिनीला विचारायची माझी छाती नाही.