चार रायफली आणि एक पावडर

नोरीनने तीन डबे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "सुमन, यातला एकच ठेवायचा. चारही रायफलींना मिळून एकच पावडर. कुठली, ते तू तपासून सांग."

नोरीन आमच्या शूटिंग रेंजची मॅनेजर. रेंज एनिस या आयरिश गावापासून थोडी बाहेर आहे. मी तिथे साफसफाईला लागले होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण हुपरीला मी वीस वर्षं चांदीच्या पैंजणांचं काम केलं होतं. बारीक काट्यावर तोलायची हाताला सवय होती. नोरीनने ते एकदा पाहिलं आणि मला लोडिंग रूममध्ये बसवलं.

काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची केस, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत पावडर म्हणजे बंदुकीची दारू, आणि तोंडाशी गोळी. गोळी उडाली तरी केस शिल्लक राहते. ती साफ करून पुन्हा भरता येते. इथे हे घरी करायला परवानगी नाही, म्हणून आमच्या खोलीत होतं. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅमचे साधारण पंधरा ग्रेन. किती भरायची ते पावडर कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं. त्याच्या बाहेर मी जात नाही.

एका दिवशी टेबलावर दोन डबे एकदम उघडे सापडले. काही झालं नाही. पण चुकीची पावडर केसमध्ये गेली तर रायफल फुटते, माणसाचे डोळे जातात. म्हणून कमिटीने ठरवलं की खोलीत एकच पावडर ठेवायची.

पावडरी दिसायला सारख्या, करड्या दाण्यांच्या. फरक जळण्याच्या वेगाचा. लहान केसला लवकर जळणारी लागते, मोठीला सावकाश. तीन सभासदांच्या रायफली लहान आणि मध्यम मापाच्या होत्या. चौथी मायकेलची. तिची केस लांबलचक.

टॉम नावाचा सभासद त्यांना चिडवायचा. "मायकेल, ती रायफल नाही, ट्रॅक्टर आहे. डिझेल घाल, तेही चालेल."

"ट्रॅक्टर नांगरतो तरी," मायकेल म्हणायचे. "तुझी गोळी कुठे जाते ते तुलाही माहीत नसतं."

मायकेल बहात्तर वर्षांचे. पोस्टमन होते, आता एकटेच राहतात. दर गुरुवारी दहाला यायचे. पाऊस पडत असला तरी "ग्रँड डे, सू" म्हणायचे आणि किटली लावायचे. मग मी तोलायची, ते गोळ्या बसवायचे. आम्ही तासन् तास काही बोलायचो नाही. माझे मिस्टर इथे हॉटेलात कुक होते. ते गेल्यापासून घरातही कुणाशी बोलणं नाही. मुलगी लांब सँट्रीला असते, रविवारी फोन करते. "आई, तू बंदुकीची दारू भरतेस हे माझ्या ऑफिसात कुणाला कळू देऊ नकोस हं," म्हणते आणि हसते. नात मागून इंग्रजीत काहीतरी विचारते. फोन संपतो. मग गुरुवारपर्यंत काही नाही.

मी तपासायला सुरुवात केली. गोळीचा वेग मोजायचं यंत्र असतं. पाच गोळ्या मारायच्या. पाचांचा वेग जवळपास सारखा आला तर पावडर बरी. सावकाश जळणारी पावडर लहान रायफलीत अर्धी तशीच राहिली, नळी काजळीने भरली. लवकर जळणारी मायकेलच्या केससाठी पुस्तकात नव्हतीच, म्हणून भरली नाही. मधली मात्र तिन्ही रायफलींना मानवली. एवढ्यात तीन गुरुवार गेले.

राहिली मायकेलची. त्यांच्या केससाठी मधलीचं माप पुस्तकात होतं, पण कमी. केस पूर्ण भरत नव्हती. हलवली की आत दाणे खुळखुळायचे.

मायकेलनी पाच गोळ्या मारल्या. नोरीन यंत्राकडे पाहत होती. आकडे चांगले आले.

"ग्रँड! चारही झाल्या," ती म्हणाली आणि ऑफिसात फोन करायला गेली.

मी वहीत काही लिहिलं नाही. मी मायकेलकडे पाहत होते. प्रत्येक गोळीआधी त्यांनी नळी आभाळाकडे उचलली होती आणि मग हळूच खाली आणली होती. त्याने पावडर मागे प्रायमरजवळ बसते आणि वेग सारखा येतो. पण रेंजवर नळी मातीच्या बांधाच्या वर जाऊ द्यायची नाही. बांधापलीकडे शेत आहे, मेंढ्या असतात, माणसं असतात.

"तुम्ही नळी उचलत होता," मी म्हटलं.

"पाहिलंस तू."

"हो."

"नोरीनने नाही पाहिलं."

आधीचे आकडे वहीत गेले असते तर मायकेल काडतुसं भरायला येत राहिले असते, गुरुवार तसेच राहिले असते. मला ते कळत होतं. त्यांनाही कळत असावं.

"न उचलता पाच परत मारा," मी म्हटलं.

"आणि वाईट आले तर?"

"तर तसेच लिहीन."

त्यांनी बराच वेळ रायफलीचा बोल्ट रुमालाने पुसला. मग खाली बसले. या वेळी नळी सरळ होती. पाचही आकडे पाच तऱ्हेचे. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त यांत सेकंदाला शंभर फुटांचा फरक. मी लिहिले. माझं लिहिणं सावकाश, ते शेजारी उभे राहून वाचत होते.

नोरीन परत आली तेव्हा मी वही तिच्यापुढे ठेवली.

"मायकेल, तुम्हाला दुकानातली तयार काडतुसं घ्यावी लागतील," ती म्हणाली. "रेंजवर यायला काहीच हरकत नाही."

"घेईन की. त्याला लोडिंग रूम लागत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फेअर प्ले टू यू, सू." इकडे शाबास म्हणायचं असलं की असं म्हणतात. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मधली पावडर ठरली. खोलीत आता एकच डबा असतो, गोंधळ होत नाही. मायकेल दोनदा रेंजवर येऊन गेले, असं टॉम म्हणाला. शनिवारी. शनिवारी मी नसते. गुरुवारचं काम साडेअकराला आटपतं.

नोरीन म्हणते, सगळ्यांत अवघड रायफल आधी तपासायला हवी होती, वेळ वाया गेला. धंद्याच्या हिशेबाने तिचं बरोबर आहे. निकाल तोच लागला असता. शेवटी तपासली म्हणून मला तीन गुरुवार जास्त मिळाले.