वारा थांबला तेव्हा

मंडळी, आज मुलीचा ओरडा खाल्ला आणि छाती फुगली!

आमची अनघा ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तिथे सायक्लोनचा सीझन चालू आहे आणि आजचं वादळ थेट तिच्याच गावावर आलं. ती तिकडे ड्यूटीवर, आणि इकडे कॅनडात, स्कारबरोत मी फोन कानाला लावून येरझाऱ्या घालतोय.

एकदम तिकडचा घोंघाट बंद. "बाबा, वारा थांबला."

चाळीस विंटर काढलेला माणूस मी. इथे बर्फ थांबला रे थांबला की गोठायच्या आत फावडं घेऊन शोव्हल करायला धावायचं. सवयीने बोलून गेलो, "मग पटकन बाहेर जा, गाडी बघून ये!"

"नो वे, बाबा! धिस इज द आय. हा वादळाचा मधला भाग आहे. वारा परत येणार, दुसऱ्या बाजूनं."

तेवढ्यात तिकडचे दोन आजोबाही दाराकडे निघाले. "सिट डाउन, एव्हरीबडी!" असा काही आवाज चढवला तिने, की इथे मीसुद्धा मुकाट्याने खुर्चीत बसलो.

आत्ता मेसेज आला, सगळे सुखरूप आहेत.

वीज कडाडली की माझ्या पांघरुणात शिरणारी पोरगी ही! तुमच्या मुलांनी तुम्हाला कधी असं गप्प बसवलंय का हो? बसून बघा. फार बरं वाटतं.