द्रौपदाबाईचा अंगठा

सुलक्षणाची बदली जळगावच्या सायबर ठाण्यात झाली, तेव्हा चोपड्याकडच्या तिच्या गावात लोक म्हणाले, चला, पोरगी सावलीत बसली. उन्हातान्हात बंदोबस्त नाही, मोर्चामागे धावणं नाही. खुर्ची, कॉम्प्युटर आणि वर पंखा. त्यांना कोण सांगणार, की त्या खुर्चीवरून उठून घरी गेलं की भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नाही. लहान मुलांचे घाणेरडे फोटो कुणी इंटरनेटवर टाकले, की परदेशातल्या कंपन्या ते दिल्लीला कळवतात. तिथून ती माहिती जिल्ह्यात येते, आणि टाकणारा माणूस शोधायचं काम हवालदार सुलक्षणाचं. बाई तापट, पण तो ताप ती बोलण्यात घालवत नसे. गुपचूप माणूस शोधून काढायची.

शाळाशाळांत जाऊन मुलांना सावध करायचं कामही तिने स्वतःहून मागून घेतलं होतं. त्यात जोडीला योगेंद्र. चोपड्यात त्याचं मोबाइलचं दुकान. प्रोजेक्टर त्याचा, स्पीकर त्याचा, वर नकला करून मुलांना हसवायचा तो वेगळाच. सुलक्षणाला भाऊ नव्हता, ती त्याला राखी बांधायला लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली की हा आंब्याची पेटी घेऊन दारात हजर. तिच्या आईने, द्रौपदाबाईने, तर कहरच केला. कानबाई देवीच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत, तो तिने याच्या ताटात वाढला. भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली, पण म्हातारी कुणाला भीक घालणारी नव्हती.

“कुणालाही अंगठा देऊ नका,” हे सुलक्षणा गावात इतक्यांदा सांगायची की बायका तिला बघून अंगठा पदराखाली लपवायच्या आणि हसायच्या. मग जुनी सिमकार्डं बदलायची वेळ आली, योगेंद्र मशीन घेऊन गावात येणार होता, आणि तिने स्वतःच आईला फोन केला. “माय, योगेंद्र ई राहिना. त्यालेच अंगठा दे, दुसरा कोनले नको.”

ओसरीवर गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्या जमल्या. निंदणी आणि कापूस वेचणी यांत जन्म गेलेला, बोटांवरच्या रेघा पार झिजलेल्या. रेशनच्या दुकानातलं मशीनही त्यांचा अंगठा एका दमात घेत नाही. ‘परत द्या’ म्हटलं की परत द्यायचा, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. योगेंद्रने द्रौपदाबाईच्या अंगठ्याला खोबरेल चोळलं, हात हातात धरला आणि म्हणाला, “माय, घेत नाही मशीन. अजून एकदा दे.” तिने दिला. मशीनने खरं तर पहिल्याच वेळी घेतला होता. दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघालं आणि ते त्याच्या खिशात गेलं.

यंदा पोळ्याच्या आसपास ठाण्यात अशीच एक माहिती आली. एका लेकराचा फोटो, आणि तो ज्या नंबरावरून गेला तो नंबर. सुलक्षणाने कंपनीकडून मालकाचं नाव मागवलं. नाव आलं द्रौपदाबाई, पत्ता तिच्याच माहेरचा. तिला आधी हसूच आलं, कारण आईला फोन उचलण्याचं बटण तेवढं ठाऊक. मग तिने तो नंबर कुठल्या हँडसेटमध्ये चालतो ते काढलं. दोन सिमचा हँडसेट होता, आणि त्यातलं दुसरं सिम योगेंद्रच्या नावावर होतं.

फोटोत काय होतं ते इथे सांगायचं नाही. सुलक्षणाने नेहमीप्रमाणे मागची भिंत तेवढी पाहिली. मूल कुठलं हे शोधायचं तर पडदा, कॅलेंडर, खिडकी यांवरूनच शोधावं लागतं. या भिंतीवर एक पोस्टर होतं, तिच्याच कार्यक्रमात शाळेत वाटलेलं, मुलांनी घरी लावावं म्हणून. खाली ठाण्याचा फोन नंबर हाताने लिहिलेला. अक्षर तिचंच होतं.

तडक चोपड्याला जावं, दुकानातून गचांडी धरून त्याला रस्त्यावर ओढावं, असं तिला फार वाटलं. पण चाहूल लागली की तो हँडसेट क्षणात कोरा करेल, आणि ते लेकरू कुठल्या गावात, कुठल्या घरात, हे कधीच कळणार नाही. ती उठली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली. “साहेब, नंबर माझ्या आईच्या नावावर आहे. आणि माणूस माझा भाऊ आहे.”

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. तपास त्यांनी तिथल्या तिथे फौजदार समीक्षा मॅडमकडे दिला. “आता या केसमध्ये तू नाहीस,” ते म्हणाले. “पण एक काम तुझ्याशिवाय होणार नाही. मोबाइल आपल्याला उघडा पाहिजे. बंद हाती आला तर त्याचं कुलूप निघेपर्यंत त्या पोराचं काय? तुझ्या शब्दावर तो येईल.”

तिने फोन लावला. “योगेंद्र, उद्या जळगावला कार्यक्रम ठेवलाय. प्रोजेक्टर घेऊन येशील?”

“येतो ना ताई. माय कशी शे?”

“बरी शे,” ती म्हणाली. आपला आवाज इतका गोड निघाला याची तिला किळस आली. हे याच्याकडूनच आपण शिकलो, असंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने हॉलमध्ये सवयीने मोबाइल उघडला, प्रोजेक्टरला जोडला आणि टेबलावर ठेवला. पहिल्या रांगेत साडी नेसून बसलेल्या समीक्षा मॅडम उठल्या आणि त्यांनी तो उचलला. पंचांसमोर आधी नेटवर्क बंद केलं, म्हणजे लांबून कुणाला काही पुसता येऊ नये. योगेंद्रने मॅडमकडे पाहिलंही नाही. “ताई, सांग ना यांना,” तो सुलक्षणाला म्हणाला.

मोबाइलमधून गाव कळलं, घर कळलं. समीक्षा मॅडम बालकल्याणच्या एका बाईंना घेऊन गेल्या, साध्या कपड्यांत, पोलिसांची गाडी गावाबाहेर ठेवून. लेकरू सुखरूप होतं, आईबापांजवळ होतं. मुलांना खोदून खोदून विचारायचं नसतं, म्हणून दोघींनी फारसं विचारलंच नाही. एवढंच की भिंतीवर नंबर असून फोन का नाही केलास. ते म्हणालं, “काका म्हणाले, पोलीसताईंना सगळं माहीत आहे. ती माझीच बहीण आहे, म्हणाले.”

समीक्षा मॅडमनी हे सुलक्षणाला सांगितलं. आज ना उद्या कागदावर येणारच होतं. टेबलावर शाळांत वाटायची पोस्टरं उरली होती. सुलक्षणाने ती उलटी करून ठेवली.

सिमची फिर्याद द्यायला द्रौपदाबाईला गावाहून आणलं. सुलक्षणा साध्या साडीत, फक्त मुलगी म्हणून शेजारी बसली. मॅडमनी लिहून संपवलं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. म्हातारीने अंगठा मुठीत मिटून घेतला.

“माय, दे,” सुलक्षणाने सवयीने तिचा हात धरला.

द्रौपदाबाईने हात सोडवून घेतला. “मागे बी तूच सांगं व्हतं, त्याले दे म्हनीसन.” मग ती मॅडमकडे वळली. “बेटा, तू वाच. बठ्ठं वाच. मंग देसू.”

मॅडम पहिल्या ओळीपासून सगळं वाचू लागल्या. मध्ये एक वाक्य आलं, ‘माझी मुलगी पोलिसात असल्याने व तिने सांगितल्याने मी विश्वासाने अंगठा दिला.’

“हाई परत वाच.”

मॅडम थांबल्या. त्यांनी सुलक्षणाकडे पाहिलं.

“वाचा, मॅडम,” सुलक्षणा म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. द्रौपदाबाईने स्वतःच अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर एकदाच टेकवला. सुलक्षणाने रुमाल पुढे केला. म्हातारीने शाई आपल्या पदराला पुसली.