कुंपणावरची जास्वंद

सकाळी चहा घेऊन खिडकीशी उभी होते. आमच्या कुंपणाबाहेर एक आजोबा नातीला घेऊन थांबले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आकडी बांधलेली काठी. जास्वंदीची फांदी खाली ओढून ते तिला म्हणाले, "तोड पटकन."

"आबा, त्यांना विचारायचं नाही का?"

"देवाला वाहायचंय बाळा. देवाच्या फुलाला कोणी चोरी म्हणत नाही."

शाळेत मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे आहे. रस्त्यात पाकीट सापडलं तर काय कराल, असं मी विचारते आणि सगळा वर्ग एका सुरात बरोबर उत्तर देतो. पाकिटाचं सोपं असतं, ते खरंच कोणाला सापडलेलं नसतं. इथे आजोबा प्रेमळ होते, श्रद्धा खरी होती आणि फूल संध्याकाळी मिटणारच होतं. हटकावं, तर नातीसमोर त्यांना मान खाली घालायला लावायची. गप्प बसावं, तर तिच्या प्रश्नाचं काय?

तेवढ्यात तिनं वर पाहिलं. मी दिसले, आणि तिचा हात फुलापाशी थांबला. हो किंवा नाही, मी नुसती मान हलवली असती तरी तिला पुरलं असतं. मी पडदा ओढून घेतला.

थोड्या वेळानं डोकावले, तर फूल झाडावरच होतं. तिला पटलं नाही म्हणून राहिलं, की मी दिसले म्हणून? दिवसभर हेच डोक्यात घोळत राहिलं.

दुपारी वर्गात पाकिटाचा प्रश्न विचारला. सगळ्यांनी बरोबर उत्तर दिलं. मी समोरच उभी होते.