आमचे साळेभाऊ आणि लोकांचे पणजे

चंद्रपूरच्या उन्हाळ्यानंही माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला नसेल, तेवढा माझ्या मोठ्या साळ्यानं एकट्यानं दिला आहे. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर एकदाच कडाकडा भांडून मोकळा झालो असतो. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं धानाची शेती बघतात, नाहीतर गुडघे चोळत बसतात. यांनी मूल गावात चार रिकामटेकडे गोळा करून कूळशोध मंडळ काढलं आणि दर रविवारी समाजभवनात माईकवरून लोकांचे पणजे उकरायला लागले. माणूस दिसला रे दिसला की, "मूळ गाव कोणतं जी?" अहेरीच्या बसमध्ये कंडक्टर यांच्या मावशीच्या गावचा निघाला, तर त्याला शेजारी बसवूनच घेतलं. मागचे पॅसेंजर तिकिटासाठी बोंबलून राह्यले, यांचं आपलं चालूच! मयतीलासुद्धा सोडत नाहीत. रडणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या आज्याचं नाव विचारलं. मी लाजेनं त्यांना बाहेर ओढलं, तर माझ्यावरच डाफरले, "अजी जवाईबापू, इतके भाऊबंद एका जागी पुन्हा कधी सापडतीन?"

हेही मी गिळलं. पण माझ्या पोरीचं बल्लारपूरच्या मुलाशी लग्न ठरलं, साक्षगंध झालं, आणि पुढच्याच रविवारी या गृहस्थांनी दोन्ही घरांना व्याख्यानाला बोलावलं. भिंतीवर दोन्हीकडच्या वंशावळी टांगल्या होत्या. काठी फिरवत फिरवत ते वर वर गेले आणि आनंदानं ओरडले, "आडनावं येगळी झाली, पण यायचे पणजे सख्खे भाऊ! एकच कूळ!" आणि टाळ्यांसाठी थांबले! अरे, टाळ्या कसल्या? एका कुळात आमच्याकडे सोयरीक होत नाही, पोरगा-पोरगी बहीण-भाऊ ठरतात. मुलाचे वडील ताडकन उठले. माझी पोरगी पांढरीफटक पडली. माझं डोकंच फिरलं. मी स्टेजवर जाऊन ती काठी हिसकावली. "खाली उतरा भाऊ! सख्ख्या भाचीचं लग्न मोडून राह्यले तुम्ही, समजते का?"

तेवढ्यात मुलाची आत्या उभी राहिली. तिचा आवाज माईकपेक्षा मोठा.

"भाऊ कसे जी? आमचा आजा पोरीच्या पणज्याच्या घरी घरजावई होता! आमची आजी त्या घरची लेक. ते कुठी हाये तुमच्या कागदावर?"

"आम्ही लेकी मांडत नाई," साळेभाऊ पुटपुटले.

"लेक मांडत नाई म्हणून जवायाले पोरगा केला काय?"

हॉल हसून हसून लोळला. भाऊ समजलेले ते पणजे आमच्यासारखेच साळा-जावई निघाले. कूळ वेगळं, सोयरीक शाबूत. मुलाचे वडील खाली बसले. मी मात्र लग्नापर्यंत साळेभाऊंशी एक शब्द बोललो नाही.

लग्नाच्या दिवशी नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, आणि मामाच गायब! पोरगी हटून बसली, "मामा आल्याबिगर मी उठत नाई." मी शिव्या देत शोधायला निघालो. ते स्वयंपाकाच्या चुलीमागे एका उलट्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, बसले होते.

"मुहूर्त चालला! आता इथी कोणाचं कूळ शोधून राह्यले?"

त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल.

"जवाईबापू, आत्याबाई बोलल्या तवापासून आठवून राह्यलो. माझ्या मायची माय. तिच्या मांडीवर वाढलो मी, तिच्या हातचं जेवलो. सारे तिले बुढी म्हणत, मीबी बुढीच म्हणो. तिचं नाव काय होतं, ते मले माहीतच नाई. आता विचारू कोणाले?"

महिनाभर तोंडाशी जमवून ठेवलेली एकही शिवी मला देता आली नाही. मी त्यांना हात धरून उठवलं आणि पोरीकडे घेऊन गेलो.