तिसरा भाग मी बदलला

एखादी गोष्ट तुम्हाला पटली नाही, म्हणून ती दुसऱ्याला सांगताना तुम्ही परस्पर दुरुस्त केली आहे का? घाईने नाही म्हणू नका. मीही स्वतःला खरं बोलणारी समजत होते.

माझे वडील पत्रकं लिहायचे. ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात त्या अड्ड्यावर प्यायचं पाणी पाहिजे, पोरांना शाळा पाहिजे, बाळंतिणीला सुट्टी पाहिजे. तिसगावच्या बाजारात ती पत्रकं मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून वाटली आहेत. अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं, की वाक्य संपलं की उद्गारचिन्ह येतंच. पत्रकात दोन बाजू असतात, आपली आणि त्यांची. तिसऱ्या बाजूला कागद पुरत नाही, असं वडील हसत म्हणायचे. ते हसत म्हणायचे, मी मात्र तो नियम म्हणून पाठ केला.

मी अकरावीत असताना मोबाईलवर एक मालिका आली. अचाट शक्ती असलेल्या बाईची. बाजार समितीत पोती उचलणारी हमाल बाई. एक दिवस तिच्या हाताला गुण येतो आणि ती ज्याला हात लावेल ते हलकं होतं. ती उडत नाही, डोळ्यांतून आग काढत नाही. ट्रकखाली सापडलेला माणूस, विहिरीत पडलेली म्हैस, कोसळलेली भिंत, हात लावते आणि उचलते. मालिकेत तिला इंग्रजी नाव होतं. आमच्याकडे ते कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे, 'आपली बाई'.

दोन घरं सोडून राहणारी माझी मैत्रीण आणि मी ती मालिका एकाच फोनवर, इअरफोनचं एकेक टोक कानात घालून बघायचो. तिचे आईवडील दरवर्षी उसाला जायचे आणि तिला आत्याकडे ठेवायचे. लहानपणी तीही त्यांच्याबरोबर गेलेली. गाडी भरताना डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून वर चढावं लागतं, ते तिने बघितलेलं होतं. आपल्या बाईने काही उचललं की ती मला कोपर मारायची. "हिला आमच्या फळीवर चढव म्हनावं एकदा. मंग बघू हलकं व्हतंय का."

बारावी झाली आणि तिचं लग्न ठरलं. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तो तोडतो, ती मोळ्या बांधते. एकट्या पोराचा कोयता पुरा होत नाही. म्हणून आमच्या भागात कितीतरी लग्नं टोळ्या निघायच्या आधी उरकतात. मी तिला म्हणाले, "नाही म्हण." ती म्हणाली, "तू म्हन की. तुला सोपं हाय." मी तिला अर्धा तास भाषण दिलं. तिने ऐकून घेतलं आणि हो म्हणून टाकलं. मी तत्त्व म्हणून लग्नाला गेले नाही. मांडवातली हलगी आमच्या ओट्यावर ऐकू येत होती, आणि मी आत बसून बालविवाहावर पत्रक लिहीत होते. तिला अठरा पूर्ण झाली होती, हे मला माहीत होतं. तरी लिहीत होते.

लग्नानंतर महिन्याभरात मालिकेचा नवा सीझन जाहीर झाला. तिसगावात त्याची चर्चा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात चालायची. दुकानदार दादाने स्वतः पहिला सीझन चार वेळा बघितलेला. झलक आली तेव्हा बाजाराचा दिवस होता आणि दुकानात उभं राहायला जागा नव्हती.

"अंगावर ते चकचकीत काय घातलंय हिच्या? साडी कुठं गेली?"

"साडीत काय मारामारी करणार का तुमची आई?"

"माझी आई साडीतच करती, ये एकदा घरी."

"लेखक बदललाय म्हणं. आता ही शहरात जाणार, काचंच्या हापिसात."

"जाऊ दे की. तुझा भाऊ पुण्याला गेला तर पेढे वाटले, आन् बाई गेली तर वाटोळं व्हय?"

दादा स्क्रू फिरवता फिरवता म्हणाला, "मला एकच भ्या वाटतंय. हिला तेवढी मोठी करू नका. मोठी झाली की आपली राहत न्हाई." मी मोठ्याने म्हणाले, तिने हमालांना सोडलं तर आपण ही मालिका सोडायची. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्यांची फार लवकर सवय झाली होती.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी मैत्रीण आमच्या दारात आली. लग्नाला का आली नाहीस, हे तिने विचारलं नाही. म्हणाली, "नवऱ्याचा मोठा फोन ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेला. बटनाचाच न्यायचाय. नवा सीझन मला बघायला मिळायचा न्हाई. तू बघ आन् मला सांग. जसंच्या तसं सांग, तुझं घालू नको मधी."

मी म्हणाले, "माझं काय घालणार?"

"तुझं तू वळखती," ती म्हणाली.

त्यांचा अड्डा कोपरगावच्या बाजूला होता. मी रविवारी दुपारी फोन करायचे, टोळी भाकरी खायला बसायची तेव्हा. ती उसाच्या कडेला जरा लांब जाऊन ऐकायची. मग दुपारनंतर मोळ्या बांधता बांधता बाकीच्या बायकांना सांगायची, पात्रांचे आवाज काढून. पहिले दोन भाग मी खरंच जसेच्या तसे सांगितले. तिसऱ्या रविवारी तिचा आवाजच निराळा होता.

"अगं, सासू मला 'पुस्तकवाली' म्हनून चिडवायची ना, ती काल म्हनती, सूनबाई, त्या हमालनीचं पुढं काय झालं? आन् ऐक, आता रविवारी पान्याला मी जात न्हाई. जाऊबाई आनती माझ्या वाटनीचे हंडे. म्हनती, तू सांग फक्त."

पाणी लांबून आणावं लागायचं. नव्या सुनेच्या वाट्याला सगळ्यात जास्त खेपा. आठवड्यातला एक दिवस त्या खेपा तिला माफ झाल्या होत्या, आणि दहा बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मला हे नीट कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही.

त्याच रविवारी तिसरा भाग होता. त्यात हमाल संप करतात. मोठी कंपनी आपल्या बाईला बोलावते, समोर कागद ठेवते, आणि आपली बाई सही करते. छातीवर कंपनीचा बिल्ला लावते आणि संपावरच्या हमालांसमोर कंपनीच्या बाजूने उभी राहते. सही का केली, ते त्या भागात सांगत नाहीत. नुसता तिचा चेहरा दाखवतात, बराच वेळ.

मी फोन गादीवर आपटला. दुकानात दादा म्हणाला, "थांब, पुढं काहीतरी असंल." मला थांबायचं नव्हतं. माझ्या मते ते पात्र बिघडवलं होतं, विकलं होतं. आणि दुपारी मैत्रिणीने विचारलं, "मंग? सही केली का?"

मी म्हणाले, "नाही. कागद फाडला आणि हमालांच्यात जाऊन बसली."

पलीकडून ती इतकी जोरात ओरडली, की कुणीतरी तिला विचारलेलं मला ऐकू आलं, काय झालं गं. "फाडला!" ती म्हणाली. "कागद फाडला बाईनं!"

तेव्हा मला जे वाटलं, ते मी लपवत नाही. मला अभिमान वाटला. दहा ऊसतोड बायकांपर्यंत योग्य गोष्ट पोचली, असं वाटलं. मालिकेने जे करायला हवं होतं ते मी केलं, असंही वाटलं.

चौथ्या भागात खरी बाई कंपनीच्या इमारतीत. माझी बाई संपाच्या मांडवात. पाचव्या भागात खऱ्या बाईचा हात दुखायला लागतो, उचललेलं हलकं होईना. माझी बाई रेल्वेचा डबा उचलते. दर रविवारी सकाळी मी एक मालिका बघायची आणि दुपारी दुसरी सांगायची. माझी जास्त चांगली आहे, असं मला मनापासून वाटायचं.

पुढच्या आठवड्यात गाडी भरायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने तिला सांगताना ऐकलं. हे ट्रकवाले कारखान्यासमोर रांगेत तासन् तास थांबतात, फोनवर सगळं बघून झालेलं असतं. तो हसायला लागला. "कुठला डबा उचलला वहिनी? तिनं तर सही केली कवाच." आणि त्याने टोळीसमोर तिसरा भाग लावला. सगळ्या बायका फळीपाशी गोळा झाल्या. सहीपाशी आल्यावर सासू म्हणाली, "म्हंजी इतके दिस आमाला बनवत हुती व्हय गं?"

हे तिने मला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. मग विचारलं, "खरं बोल. तिनं सही केलती का न्हाई?"

मी म्हणाले, केली. आणि लगेच समजावायला लागले. ती मालिका आता मालकांची झालीय, असलं दाखवून आपल्या बायकांचा धीर खचवतात, मी जे सांगितलं ते तुमच्या भल्याचं होतं. आतापर्यंतच्या माझ्या सगळ्या बोलण्यात ते सगळ्यात सफाईदार होतं. एकही शब्द अडखळला नाही. मग फोन बंद झाला. बॅटरी संपली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढचे रविवार तिने फोन उचलला नाही. दुकानात नव्या सीझनवर भांडणं चालूच होती, मी जाणं बंद केलं. शेवटच्या भागात सहीमागचं कारण उलगडलं. पोलिसांनी उचलून नेलेल्या तिच्या लहान बहिणीला सोडवायचा तोच एक मार्ग होता. कारण मला तरीही पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. पण ते होतं, आणि मी ते दहा बायकांपासून लपवलं होतं.

उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या. ती मला बाजारात भेटली, मिरच्या निवडत होती. हात काळे पडलेले, पानांनी चिरलेले. मीच पुढे झाले. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नीट बोलली, पाव्हण्याशी बोलावं तशी.

"बघितली मी सगळी," ती म्हणाली. "आल्यावर. आत्याच्या फोनवर."

"आणि?"

"आन् काय. चांगली हाय." मग मिरची खाली ठेवून म्हणाली, "सही केली म्हनून तुला राग आला. मला न्हाई आला. ती सही करती ना, तवा तिचं तोंड बघ. मला लगीच कळलं. कारन सांगायच्या आधी कळलं. पन तू मला ते बघूच दिलं न्हाई. माझ्या तोंडून कागद फाडून घेतला."

मी माफी मागितली. ती म्हणाली, असू दे. मग जाता जाता, जणू दुसऱ्या कुणाबद्दल, सांगितलं की संक्रांतीच्या सुमारास तिला ताप होता. सासूला म्हणाली, अंग मोडून आलंय, आज उठवत न्हाई. सासू म्हणाली, "ही पन तुझी गोष्टच का?" दोन दिवस तिने तापातच मोळ्या बांधल्या. पाण्याच्या खेपा तर ड्रायव्हर आला त्याच आठवड्यापासून पुन्हा तिच्या वाट्याला आल्या होत्या, रविवार धरून.

मी आजवर बरीच पत्रकं लिहिली आहेत, अजूनही लिहिते, आणि त्यातल्या एकाही मागणीवरून मागे हटलेले नाही. अड्ड्यावर पाणी पाहिजेच. पण ज्या बाईसाठी मी ते मागते, तिचे हंडे माझ्यामुळे वाढले. कुठल्या मालकाने नाही, मी वाढवले. माझ्या मनातली बाई मला इतकी आवडत होती, की समोरच्या बाईला काय सोसतं, काय कळतं, हे विचारावंसं मला वाटलं नाही. लग्नाच्या वेळीही नाही, आणि नंतरही नाही.

आता तिसऱ्या सीझनची झलक आली आहे. दुकानात पुन्हा गर्दी आहे. बाई गावाकडे परत येणार म्हणतात काही जण, काही म्हणतात मरणार. मैत्रीण या वर्षीही उसाला जाईल. अजून तिच्याकडे मोठा फोन नाही, आणि मला ती गोष्ट सांगायला सांगणार नाही. तो हक्क मी घालवला.

तुम्ही घालवलेला नाही. तुमच्या गल्लीतली, नात्यातली कुणीतरी बाई दिवाळीनंतर टोळीबरोबर जाईल. निघायच्या आधी तिचा नंबर मागून घ्या. रविवारी दुपारी फोन लावा आणि भाग जसा झाला तसा सांगा, तुम्हाला राग आला ती जागासुद्धा. सांगून झालं की तिला विचारा, तुला काय वाटलं. आणि ती बोलत असेपर्यंत मध्ये बोलू नका.