पाय दाव आदी

“पाय दाव आदी.”

दवाखान्याच्या उंबऱ्यात माणूस आलं की बाईंचं पहिलं वाक्य हे. ताप असो, पोटदुखी असो, सुनेची तक्रार असो, आधी पाय. ऐरोलीजवळच्या आमच्या त्या खाडीकाठच्या गावात बहुतेक घरं आगऱ्यांची, मिठागरात राबणारी होती. मिठाच्या पाण्यात दिवस काढून टाचा चिरायच्या, बोटांच्या बेचक्या सडायच्या, आणि बाया ते लुगड्याच्या काठाखाली लपवायच्या. बाईंना ते लपवणं ठाऊक होतं.

मी त्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा नवं शहर नकाशावरच होतं. सर्दीवर गोळी मागायला मी दवाखान्यात गेलो. समोर एक उंच, गोरी, चाळिशीची परदेशी बाई फरशीवर बसलेली.

“पाय दाव आदी.”

“माझ्या पायाला काही झालेलं नाही.”

“मंग लवकर होल. दाव.”

नव्या वहाणेनं अंगठ्याला आलेला फोड त्यांनी बघितला, पट्टी बांधली आणि मग सर्दीचं विचारलं.

दवाखाना म्हणजे एक खोली. तिच्यात एकच खुर्ची, आणि ती पेशंटची. बाई पाटावर बसायच्या, पुढ्यात पोटॅशच्या जांभळ्या पाण्याचं घमेलं. जन्मात खुर्चीवर न बसलेल्या बाया पहिल्यांदा तिथं बसल्या, त्याही अवघडून, एका कडेला. बाई मराठी शिकल्या त्या याच बायांकडून, आणि त्यांच्या बोलीत ‘तुम्ही’ नसे. त्यामुळे त्या पाटलाला तू म्हणायच्या, मला तू म्हणायच्या, पाहुण्या अधिकाऱ्यालाही तू म्हणायच्या. मी त्यांना पुस्तकी मराठी शिकवायचा प्रयत्न केला. दोन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, “मास्तर, तुजी भाषा चांगली हाय. पन तिच्यात पाय दुकत नाय.”

त्या मिशनरी होत्या. परदेशातल्या एका लहानशा संस्थेनं त्यांना धर्मकार्यासाठी पाठवलं होतं आणि त्या ते कधी लपवत नसत. सकाळी स्टोव्हवर पाणी तापत असताना त्या डोळे मिटून उभ्या राहत. पाणी तापलं की प्रार्थना संपली. देवाबद्दल आपणहून बोलत नसत, पण कुणी विचारलं तर सांगत. गावातली धाकलीबाय, नावाला धाकली पण साठीची, तिनं एकदा टाच पुढं करून विचारलं होतं, “तुजा देव करतं तरी काय?”

“त्यानं सोबतच्यांचे पाय धुतले.”

“देवानं? कोनाचे गो?”

“मासे मारायचे त्यांचे.”

“कोळ्यांचेच? आनी आगऱ्यांचे?”

“ते ऱ्हायले. म्हून मी आलीय.”

धाकलीबाय हसून हसून खुर्चीतून घसरली. मी दारात उभा होतो. देवावर माझा फारसा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण त्या बाईंच्या देवावर मला कधी हसू आलं नाही.

अशी दहा वर्षं गेली. मग त्यांच्या संस्थेची पत्रं येऊ लागली. बाई ती मला वाचून दाखवत. प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असे, किती जणांना बाप्तिस्मा दिला? बाई उत्तरात किती पाय बरे झाले ते लिहीत. शेवटी संस्थेनं स्पष्ट कळवलं की वर्षअखेरपर्यंत बाप्तिस्मे झाले नाहीत तर तुम्हाला परत बोलावू. हे बाईंनी माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. गावात ते मी बोललो. चांगल्या हेतूनं बोललो, एवढंच म्हणतो.

पुढच्या रविवारी गावातल्या पंचवीस-तीस बाया न्हाऊन, ओल्या केसांनी, ठेवणीतली लुगडी नेसून दवाखान्यासमोर रांगेत उभ्या राहिल्या. पुढं धाकलीबाय.

“घाल पानी,” ती म्हणाली.

“कशाला?”

“तुज्या सायबाला पायजे ना? घाल आमच्या डोक्यावर, आनी लिव त्याला.”

बाईंनी हातातलं घमेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “माज्यासाटी नको. देवासाटी येशील तवा घालीन.”

“देवाला कवा विचारू? तुजं विमान कवा सुटतंय?”

“मी हे लिवलं तर खोटं होल.”

“आमी कोनाला सांगनार नाय.”

“त्याला ठावं हाय,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी पाट ओढला. “आलीस तर बस. पाय दाव आदी.”

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांचे पाय धुतले, पट्ट्या बांधल्या. कुणाच्याही डोक्यावर पाण्याचा थेंब पडला नाही. मला त्यांचा राग आला होता. एवढं ताठ कशाला राहायचं, असं मी तोंडावर म्हणालो. त्यांनी मला घमेलं रिकामं करून आणायला सांगितलं.

त्या रविवारची बातमी पसरली आणि शहरातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी सरकारकडे अर्ज केला की खाडीकाठच्या गावात परदेशी बाई सामूहिक धर्मांतर करते आहे. हे गृहस्थ आमच्या गावात एकदाही आले नव्हते. त्यांनी मिठागरातली एक टाच कधी पाहिली नव्हती. दहा वर्षांत त्यांना या बायांची आठवण झाली ती अशी. चौकशीचे साहेब आले आणि माझ्याच शाळेत बसले.

“मास्तर, त्या रविवारी बाया न्हाऊन कशाला जमल्या होत्या?”

“बाप्तिस्मा घ्यायला.”

त्यांनी लिहून घेतलं.

“पण बाईंनी तो दिला नाही,” मी म्हणालो.

“हो, हो.” साहेबांनी खाली ठेवलेलं पेन उचललं नाही. कागद माझ्यापुढं सरकवला.

मुलांच्या वह्यांत सुटलेला अनुस्वारसुद्धा मी लाल शाईनं दाखवत असे. त्या कागदावर एक अख्खं वाक्य सुटलेलं मला दिसत होतं. साहेब घड्याळ बघत होते, मुख्याध्यापक माझ्याकडं बघत होते. मी सही केली.

एकाच आठवड्यात बाईंना दोन पत्रं आली. एक संस्थेचं, की तुम्ही एकही ख्रिस्ती केला नाही, परत या. दुसरं सरकारी, की तुम्ही गावच्या गाव ख्रिस्ती करता आहात, मुक्कामाची मुदत वाढणार नाही. ती दोन्ही पत्रं लिहिणाऱ्यांना समोरासमोर बसवून एकमेकांचं पत्र मोठ्यानं वाचायला लावावं, असं मला आजही वाटतं. दोघांनाही डोकी मोजायची होती. पाय कुणालाच बघायचे नव्हते.

सहीचं मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मास्तर, बस.” मी त्या खुर्चीवर बसलो नाही.

त्या मायदेशी परत गेल्या आणि काही वर्षांनी तिकडंच वारल्या. संस्थेच्या पत्रिकेचं एक पान कुणीतरी मला पाठवलं. त्यात चार ओळी होत्या. निष्ठेनं सेवा केली, परंतु त्या भूमीत पीक आलं नाही, अशा अर्थाच्या. मी ते पान जपून ठेवलेलं नाही.

तोवर मिठागरं बुजत आली होती, रबाळ्याच्या कारखान्यांत गावची पोरं लागली होती आणि नव्या वसाहतीत सरकारी दवाखाना निघाला होता. धाकलीबायची टाच पुन्हा चिघळली म्हणून मी तिला तिथं घेऊन गेलो. तरुण डॉक्टर हात धुवायला आत गेले होते. टेबलामागं एक खुर्ची रिकामी होती. पेशंटसाठी भिंतीला लागून बाकडं होतं.

धाकलीबाय टेबलाला वळसा घालून गेली, त्या खुर्चीत नीट मागं टेकून बसली आणि लुगडं वर करून पाय पुढं केला.

“आजी, ती माझी खुर्ची आहे,” डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले.

“मंग तू खाली बस,” ती म्हणाली. “पाय बग आदी.”